दहापैकी तीन

९ जानेवारी

दुखण्याच्या दवाखान्यातून आज दोन वस्तू मिळाल्या. मॉर्फिनच्या गोळ्या आणि एक छापील तक्ता. तक्त्यात रोज एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही. दहा म्हणजे माणूस कल्पना करू शकेल असं सगळ्यात वाईट दुखणं. तक्ता त्यांना दाखवायचा आहे, म्हणून त्यात फक्त आकडा. ही वही मात्र माझी. बायकोने, थोराने, किराणा दुकानातून आणून दिली. एकाहत्तराव्या वर्षी दैनंदिनी सुरू करणारा माणूस एकतर फार मोठा असतो किंवा फार रिकामा. मी निवृत्त आहे.

एक्केचाळीस वर्षं मी बंदरावरच्या लिलावात मासळीची प्रतवारी केली. खोकं उघडायचं, कल्ले उचलून बघायचे, पाठीवर बोट दाबायचं, प्रत सांगायची. उत्तम, चांगली, चालेल. मच्छीमार भांडायचे, पण माझी प्रत कधी बदलली नाही. तेव्हा माझ्याकडे आकडा मागणं म्हणजे योग्य माणसाकडे येणं. आता खोक्यात मी आहे, एवढाच फरक.

डॉक्टर होल्क राजधानीतल्या, कोपनहेगनच्या आहेत, आमच्या किनाऱ्यावरच्या नाहीत. चाळिशी अजून आली नसावी. त्या खोलीत येण्याआधी मी टेबलाच्या कडेला कपाळ टेकवून बसलो होतो. टेबल छान थंड होतं. पावलं ऐकू आली तेव्हा ताठ बसलो.

"आत्ता किती आहे, लाउस्ट?"

आधी दहा म्हणजे काय ते ठरवायला हवं. वरची प्रत माहीत नसताना खालची सांगू नये. मला आंतोन आठवला, माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा, एगोनचा, बाप. त्याचा हात बोटीवर जाळं ओढणाऱ्या विंचमध्ये कोपरापर्यंत गेला होता. धक्क्याला लागेपर्यंत तीन तास तो उभा होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "गैरसोयीचं आहे." आंतोनला दहा धरलं तर मी तीन. तेही सढळ हाताने.

"तीन," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं. स्वादुपिंडाच्या मागे, कण्याच्या पुढे, मज्जातंतूंचं एक जाळं असतं. पोटातल्या दुखण्याची बातमी तिथून वर जाते. पाठीतून लांब सुई घालून त्या जाळ्यावर अल्कोहोल सोडलं, की जाळं मरतं आणि बातमी पोचत नाही.

"आणि कॅन्सर?"

"तो तसाच राहतो."

म्हणजे निरोप्याला मारायचं. मला पटलं. आमच्या लिलावात हेच चालायचं.

थोरा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "सुई कधी देतात?" तिने विचारलं.

"आकडा सहाच्या वर राहायला लागला की. फार थांबायचं मात्र नाही. गाठ पसरली तर सुई पोचते, पण औषध पसरत नाही. तीन असेल तर इतक्यात गरज नाही. गोळ्या पुरतील."

मला बरं वाटलं. तीन ही चांगली प्रत आहे.

परतताना फ्योर्डच्या खाडीवरचा पूल येईपर्यंत थोरा बोलली नाही. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "तीन?"

"साधारण."

तिने रेडिओ लावला.

१३ जानेवारी

तीन.

गोळ्यांनी डोकं लोकरीसारखं होतं. पोटाचा कारभार बंद आहे. त्याबद्दल वहीतही लिहिणार नाही.

नोव्हेंबरपासून मी स्वयंपाकघरात झोपतो. टेबलावर उशी, उशीवर डोकं. मी घोरतो, थोराची झोप मोडते, म्हणून. तिला असंच सांगितलं आहे आणि तिला ते पटलेलं दिसतं. पाठीवर आडवं होणं सध्या नको वाटतं, हे दुसरं कारण. पण ते घोरण्याइतकं महत्त्वाचं नाही.

थोराने फ्रिजशेजारी नवं कॅलेंडर लावलंय. जनावरांच्या खाद्याच्या दुकानाचं, बैलाच्या चित्राचं. संध्याकाळी ती त्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिते. आज जाऊन पाहिलं. सात, आठ, आठ, सात. अंडी! कोंबड्या नऊ आहेत आणि जानेवारी महिना आहे. खुराड्यात दिवा लावल्याचा परिणाम.

"कोंबड्या जोरात आहेत," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "हो. फार जोरात आहेत."

आश्चर्य एवढंच, की न्याहारीला अंडं दिसत नाही.

१९ जानेवारी

गुडघ्यांवर बसून छाती खुर्चीवर टेकवली की बरं वाटतं, असा शोध मला लागलाय. थोरा दुकानात गेली होती. मी खुर्चीपाशी होतो. किती वेळ, ते पाहिलं नाही. तेवढ्यात एगोन दार न वाजवता आत आला. तो कधीच वाजवत नाही.

"काय रे, म्हातारपणी देवाला लागलास?"

"बटण शोधतोय."

"कसलं?"

"शर्टाचं."

एगोन उभा राहिला. मग त्याने टोपी काढली आणि खाली बसला. त्याचे गुडघे वाजले.

"लहान की मोठं?"

"मध्यम."

"मग वेळ लागेल," तो म्हणाला.

आम्ही शोधत राहिलो. त्याने हाताने फरशी चाचपली. वारा नैऋत्येचा आहे, म्हणाला. बोटी आज ओढूनच ठेवल्यात, म्हणाला. मी हं म्हणत होतो. उठावं असं मला वाटत होतं, पण माणसाने अर्धवट शोध सोडू नये. एगोननेही सोडला नाही. दोघांची वयं मिळून दीडशेच्या घरात जातात.

थोरा आली. दारात थांबली. तिने आम्हा दोघांना पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"कॉफी टाकते. वर घेणार की खालीच?"

"खालीच," एगोन म्हणाला. "काम संपलं नाही अजून."

मग फरशीवर बसून आम्ही कॉफी घेतली. म्हणजे त्यांनी घेतली. माझी खुर्चीवर ठेवली होती. कॉफी संपल्यावर एगोन म्हणाला, "सापडलं," आणि माझ्या हातात बटण ठेवलं. तपकिरी, कातड्याचं, दोऱ्यासकट. माझ्या शर्टाची बटणं पांढरी आहेत. म्हणजे खरंच कुणाचं तरी बटण तिथे हरवलेलं होतं. मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही.

जाताना एगोनचा स्वेटर पोटावर उघडा होता. माझी बहीण गेल्यापासून तो कपड्यांकडे लक्ष देत नाही.

तक्त्यात : तीन.

२४ जानेवारी

दुखणं जाणवलं. तंबाखूच्या पाइपची दांडी दातांत तुटली. जुनी होती.

तीन.

३० जानेवारी

गुरुवारचे पत्ते. बावीस वर्षं आम्ही चौघं एगोनकडे लोंबर खेळतो. मी आज पाच डाव जिंकलो. गेल्या वर्षभरात मिळून पाच जिंकले नसतील.

घरी परतताना वाटेत आठवायला लागलो. हुकमाचा राजा माझ्याकडे होता की नव्हता? डाव कोणी बोलला होता? काहीच आठवेना. मग लक्षात आलं. ते मला जिंकू देत होते. तिघंही. पाव, हेरिंग मासे आणि वर दान म्हणून पाच डाव. मी दारुड्यासारखी पानं टाकत असणार आणि एगोन, जो स्वतःच्या आईलाही एक हात सोडत नसे, माझ्यासमोर "वा, लाउस्ट" म्हणत होता.

दुखण्याचं मला फारसं काही नाही. पण हे असं जिंकणं नको. गोळ्या कमी केल्या तर डोकं राहतं, पण मग बसता येत नाही. घेतल्या तर बसता येतं, पण बसलेला कोण आहे ते कळत नाही.

सुईचा विचार मनात आला. मग तीन आठवलं.

६ फेब्रुवारी

आज चार लिहावं की काय?

सकाळी न्हाणीघरात फरशीवर होतो. दाराला आतून कडी होती. थोरा बाहेरून काही बोलत होती, मी पाणी सोडलं होतं म्हणून नीट ऐकू आलं नाही. बहुधा आंघोळीला इतका वेळ का, असं विचारत असावी. मी गाणं म्हटलं. एकच कडवं, पण पुन्हा पुन्हा.

दुपारी तक्ता पुढे घेऊन बसलो. चार म्हणजे तीनाहून एक तृतीयांश जास्त. मोठी उडी आहे. बातमी सगळीकडे जाणार. डॉक्टर वाचणार, नर्स वाचणार, संगणकात जाणार. एका खोलीत कुणीतरी म्हणेल, तो किनाऱ्यावरचा म्हातारा आता चारवर आला, बघा कसा कांगावा करतोय. बाजूला आठवालीही माणसं असतील, खरोखरची.

साडेतीनचा विचार केला. पण अर्धी प्रत मी आयुष्यात दिलेली नाही.

शेवटी चार लिहिलं. लहान अक्षरात.

तासाभराने नर्सचा आठवड्याचा फोन आला. "कसं चाललंय, लाउस्ट?"

"तसं काही वाईट नाही."

"आकडा?"

"आज चार. पण हवा बदलतेय."

"अरे वा, म्हणजे तब्येत स्थिर आहे," ती म्हणाली. तीही कोपनहेगनची असावी.

फोन ठेवला तेव्हा थोरा पाठीमागे उभी होती. पेन्सिल हातात.

१४ फेब्रुवारी

आज अंड्यांचं कोडं सुटलं. थोराने दुकानातून बारा अंडी आणली. विकत! मी खोकं पाहिलं, दुकानाचा शिक्का पाहिला. आणि कॅलेंडरवर काल नऊ, परवा नऊ, त्याआधी आठ. एका दिवशी तर दहा. नऊ कोंबड्यांनी दहा. दिवा जरा जास्तच प्रखर असावा.

म्हणजे ती अंडी कुणाला तरी देते. एगोनला नाही, त्याला पित्त होतं. पाद्री एकटे राहतात. गेल्या महिन्यात दोनदा आले होते आणि मी स्वयंपाकघरात आलो तसे ते आणि थोरा बोलायचे थांबले. अंड्यांबद्दल एवढं गुप्त काय असतं? सेहेचाळीस वर्षं संसार केला आणि आता मला पाद्र्याच्या आमलेटचा मत्सर वाटतो. मॉर्फिनच्या कागदावर दुष्परिणामांची यादी आहे, त्यात हा नाही.

विचारणार नाही. सांगायचं असेल तेव्हा सांगेल. आमच्याकडे हीच पद्धत आहे.

तीन. कालही तीन. चार हा अपवाद होता.

२१ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

दवाखाना. अकरा वाजता. डॉक्टर होल्कनी तक्ता हातात घेतला. "तीन, तीन, तीन, एकदा चार, मग परत तीन. छान. आहे तेच चालू ठेवू. मे महिन्यात भेटू."

"छान," मी म्हणालो.

मे महिना मला दिसत नव्हता. मी खिडकीतून गाड्यांच्या रांगा पाहत होतो आणि मला कळत होतं की आता काहीतरी म्हणायला हवं. एक शब्द. सात हा शब्दसुद्धा चालला असता. तोंड उघडलं. "पार्किंग बदललंय का तुमच्याकडे?" मी म्हणालो.

तेव्हा थोराने पिशवीतून कॅलेंडर काढलं आणि बैलासकट टेबलावर ठेवलं. चारचौघांत तिने मला मध्येच कधी तोडलेलं नाही.

"हेही बघा," ती म्हणाली.

"हे काय आहे?"

"ह्याचे आकडे. खरे."

"अंड्यांचे आहेत ते," मी म्हणालो. कुणीतरी खुलासा करायला हवा होता.

थोरा माझ्याकडे वळली. "लाउस्ट, डिसेंबरपासून एकाही कोंबडीने अंडं घातलेलं नाही."

डॉक्टर वाचू लागल्या. मोठ्याने, दुर्दैवाने. एकोणीस जानेवारी : नऊ, पाऊण तास गुडघ्यांवर, एगोन होता. चोवीस : नऊ, पाइप चावून तोडला. सहा फेब्रुवारी : दहा, कडी लावून गात होता, मला म्हणाला चार.

मी कानापर्यंत तापलो होतो. लोकांची खोकी मी भर हॉलमध्ये उघडली, कल्ले उचलून दाखवले. त्या माशांना काय वाटत असेल हा विचार पहिल्यांदा मनात आला.

"हा जे सांगेल त्यात पाच मिळवत चला," थोरा म्हणाली. "आमच्याकडे सगळे असेच. ह्याच्या बहिणीचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा ती म्हणत होती, पोट जरा रुसलंय."

"मग तुम्ही मला जानेवारीतच का नाही फोन केलात?"

थोराने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "दुखणं त्याचं आहे. मला वाटलं, तो सांगेल." मग म्हणाली, "मीही तिथलीच आहे ना."

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. "लाउस्ट. तीन की नऊ?"

आंतोन डोळ्यांपुढे आला. कोपरापर्यंत गेलेला हात घेऊन तो उभा होता. मग मनात आलं, की आंतोनला कुणी आकडा विचारलाच नव्हता. विचारला असता तर काय म्हणाला असता, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

"थोरा सहसा वाढवून सांगत नाही," मी म्हणालो.

डॉक्टर होल्कनी थोराकडे पाहिलं. "हे ‘हो’ आहे का?"

"हे ‘हो’ आहे," थोरा म्हणाली. "ह्याहून मोठा ‘हो’ तो लग्नातही म्हणाला नव्हता."

२२ फेब्रुवारी

पाद्र्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

२७ फेब्रुवारी

स्कॅन. गाठ वाढली आहे. उजव्या बाजूने सुईला वाट आहे, डावीकडे जागा अरुंद झालीय. डॉक्टर दोन्हीकडून प्रयत्न करणार.

"उपयोग होईल का?"

"होईल असं वाटतं. पुरता की अर्धा, ते सांगता येत नाही. जानेवारीत आला असतात तर जास्त खात्रीने बोलले असते."

"जानेवारीत आलो होतो मी."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "पण तीन घेऊन आला होतात."

ह्या बाई शिकतायत.

घरी येऊन मी स्वतःवर चिडायचा प्रयत्न केला. चिडण्यासाठीही ताठ बसावं लागतं. नाही जमलं. सहा आठवडे एका आकड्याच्या लाजेखातर मी खुर्चीपुढे गुडघे टेकले, आणि तेवढ्या वेळात आत ती गाठ निवांत बसून मोठी होत होती. तिला कुणाची लाज नाही.

६ मार्च

झालं.

एगोनने गाडी चालवली. सगळ्या वाटेत मी मागच्या सीटवर ओणवा होतो आणि तो खड्ड्यांची आधी सूचना देत होता, "आता एक, लहान. आता एक, हरामखोर."

वॉर्डात त्याने बाटली पाहिली. "हे खरंच अल्कोहोल? शहाण्णव टक्के?"

"जवळजवळ," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि पाठीतून घालणार? डॉक्टर, आमच्याकडे हे समोरून घेतात."

"समोरून घेतलं तर तिथे पोचत नाही."

"पोचेपर्यंत घ्यायचं."

थोराने त्याला बाहेर काढलं.

मला पालथं झोपवलं, पोटाखाली उशी. डॉक्टर पडद्यावर बघत सुई आत सरकवत होत्या. किती आत, ते विचारलं नाही. आधी बधिरीचं औषध. मग म्हणाल्या, "आता उजवीकडे अल्कोहोल सोडते. जळजळेल."

"जाणवतंय," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. "किती जाणवतंय?"

"साधारण."

"आठ आहे," त्या नर्सला म्हणाल्या. "थांब. आणखी बधिरी दे."

माझं भाषांतर होऊ लागलंय.

मग डावी बाजू. वेळ लागला. त्या दोनदा "नाही" म्हणाल्या, हळू आवाजात, आणि सुई मागे घेऊन पुन्हा वळवली. मी नर्सच्या बुटांकडे बघत होतो. पांढरे, उजव्यावर कॉफीचा डाग. मनात आलं, आता तिसऱ्यांदा नाही म्हणाल्या तर ते माझ्या तीनमुळे. आंतोनमुळे नाही, कोपनहेगनमुळे नाही. मग त्या काहीच म्हणाल्या नाहीत. बराच वेळ. मग म्हणाल्या, "गेलं. पसरतंय."

लिलावाच्या हॉलमध्ये बर्फाचं यंत्र दिवसभर घरघरायचं. ते बंद पडलं की सगळी माणसं हातातलं काम सोडून वर बघायची, इतका तो आवाज अंगवळणी पडलेला असे. तसं झालं. मीही वर बघितलं असतं, पण पालथा होतो.

"आता उताणे व्हा," नर्स म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पडून राहायचं."

उताणं. मी वळलो आणि वाट बघू लागलो. चार महिने ते पाठीवर पडताक्षणी येतं, कधी उशीर केलेला नाही. पाच मिनिटं गेली. दहा.

थोरा आत आली. "काय?"

"पाठीवर आहे मी."

"दिसतंय," ती म्हणाली, आणि कोट न काढताच बसली.

९ मार्च

वहीत खरं लिहायचं ठरलंय, तर खरं. पहिल्या दिवशी उभा राहिलो आणि रक्तदाब खाली गेला. मी एगोनच्या अंगावर कोसळलो. आम्ही दोघांनी एकमेकांना मिठी मारण्याची ही पहिलीच वेळ. तो म्हणाला, "सगळ्यांसमोर नको." दुसऱ्या दिवसापासून पोटाचा कारभार सुरू झाला, दोन महिन्यांची थकबाकी धरून. हा सुईचा परिणाम असतो, आधी सांगितलं होतं. तीन दिवस मी घराच्या एकाच खोलीत राहतो आणि ती झोपायची नाही. माणसाला वेदनेतून मुक्ती मिळते, ती अशी.

थोडं दुखतं अजून, डावीकडे. थोराने विचारलं, "किती?"

"दोन."

तिने पेन्सिल कानामागे ठेवली आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"खरंच दोन," मी म्हणालो. "आईशप्पथ." तेव्हा कुठे तिने लिहिलं.

१५ मार्च

गोळ्या पूर्वीच्या चौथाईवर आल्या. गुरुवारी पत्त्यांत हुकूम मोजता आला. एगोनच्या ते पहिल्याच डावात लक्षात आलं. त्यानंतर त्याने मला सोलून काढलं. आठ डाव. वर म्हणाला, "लिलावात आंधळाच ठेवला होता की काय एक्केचाळीस वर्षं?" मी फार आनंदात घरी आलो.

आज दुपारी खिडकीतून पाहिलं. थोरा खुराड्यात, पालथ्या बादलीवर बसलेली. चेहऱ्यावर दोन्ही हात. खांदे हलत होते. कोंबड्या आजूबाजूला फिरत होत्या. सगळा हिवाळा ती रडली नाही, मी ओणवा असताना नाही, न्हाणीघराच्या दारापाशी नाही. आणि आता, सगळं बरं चाललेलं असताना?

ती आत आली तेव्हा डोळे लाल होते. "धूळ," ती म्हणाली.

खुराड्याच्या धुळीबद्दल मी दोन वाक्यं बोललो. तोंडाला रुमाल बांधावा, वगैरे. दोन्ही बरोबर होती आणि दोन्हींची गरज नव्हती. हे मला ती भांडी घासायला वळल्यावर कळलं. नेहमीप्रमाणे, खोकं बंद झाल्यावर.

२२ मार्च

जेवण झाल्यावर झोपायच्या खोलीत आडवा झालो. पाठीवर. आता मी दिवसातून दोनदा हे करतो, गरज नसली तरी. बाहेर वारा पडलेला, लख्ख ऊन.

थोरा दारात आली. दिवसा तिने अंथरुणाला पाठ लावलेली मी कधी पाहिलेली नाही, दोन्ही बाळंतपणं सोडून. तिने एप्रन काढला, खुंटीला लावला.

"सरक जरा."

मी सरकलो. ती शेजारी पडली. बूट तसेच. दोघं वर बघत होतो.

"छताला रंग द्यायला झाला," मी म्हणालो. बोलून गेलो. चार महिने छत पाहिलं नव्हतं.

"तू देणार नाहीस," थोरा म्हणाली.

"नाही."

हे कुणी मोठ्याने म्हणायची पहिलीच वेळ. डॉक्टरांनी इतकं उघड म्हटलेलं नाही. मी वाट पाहिली, आता काय होतंय. काही झालं नाही. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"पिवळा लावीन म्हणते," थोरा म्हणाली.

"छताला?"

"फिकट."

"छत पांढरं असतं, थोरा."

"तुला कुठे बघायचंय?"

ती दचकली. मग तिला हसू फुटलं, आणि पलंग हलला, आणि मलाही आवरेना. पोट धरून हसलो. पोटच धरून, आणि दुखलं नाही. हसता हसता तिने तोंड माझ्या खांद्यात खुपसलं आणि मग ते हसणं राहिलं नाही. धूळ नव्हती खोलीत. मी हात तिच्या पाठीवर ठेवला. ठेवता येतो आता.

"फार लवकर आहे रे," ती म्हणाली.

तसं काही नाही, असं तोंडात आलं होतं. ते येतंच. मी ते गिळलं.

"हो," मी म्हणालो. "फार."

कॉफीच्या वेळेपर्यंत आम्ही तसेच पडून होतो आणि रंगावर वाद घालत होतो. फिकट पिवळा. तिने डबासुद्धा हेरून ठेवलाय, असं निघालं. मी विरोधात आहे.